चेसिसवरचा जुना जोड

लाखनी, ७ डिसेंबर २००३

रत्नाताई, जयभीम.

तुझ्या आरोग्य उपकेंद्रात फोन असता तरी हे मी फोनवर सांगू शकलो नसतो.

परवा एका ट्रकात टाकून एक जीप माझ्या गॅरेजवर आली. आणणारा माणूस नागपूरचा, अमर नावाचा, चाळिशीचा असेल. बोलायला चांगला. म्हणाला, "मिस्त्री, ही माझ्या वडिलांची जीप. पंधरा वर्षं गुरांच्या कोठ्यात पडून होती. मार्चमध्ये त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी चालू करून त्यांच्या दारात उभी करायची आहे. त्यांना कळू द्यायचं नाही."

मी वडिलांचं नाव विचारलं. म्हणाला, तुमसरचे केशवराव.

ताई, ही तीच जीप. चिखल्याहून तुमसरला सवाऱ्या नेताना बाबा चालवायचे ती. बोडीच्या पारीवरून खाली पाण्यात गेली ती, अन् इश्वरकाका जिच्याखाली सापडले ती. बाबांनी त्यानंतर कोणत्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांची आनंदाकाकू अजून आपल्या मायसोबत बोलत नाही. विहारात माय एका बाजूला बसली की ती उठून दुसऱ्या बाजूला जाते.

अमरला मी कोण हे माहीत नाही. हायवेवर त्यानं विचारलं, जुन्या जीपचं काम कोण करतं, अन् लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. निघालं, "ठेवा."

तुझी भावजय तृप्ती बरी आहे. घरी गावाला मी काही सांगितलं नाही. तूही सांगू नको.

तुझा,
अश्वजित

*

भामरागड तालुका, १८ डिसेंबर २००३

अश्वजित,

तुझं पत्र आज मिळालं. डाकवाला सायकलवरून येतो, कधी दहा दिवसांनी, कधी पंधरा. तोवर तू काय काय करून बसला असशील याचीच मला धास्ती आहे.

ती जीप परत पाठव. काम जास्त आहे म्हण, सामान मिळत नाही म्हण, काहीही म्हण. तुला वाटत असेल की तो नुसता लोखंडाचा सांगाडा आहे. बाबा प्यायलेले होते असं सांगणारे लोक त्याच सांगाड्याभोवती उभे होते. ज्या माणसानं आयुष्यात कधी थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल! कोर्टात ते टिकलं नाही, मग लोक म्हणाले, प्याला नसेल तर झोपला असेल. कोर्टानं बाबांना सोडलं तरी वस्तीतल्या चार घरांनी अजून सोडलेलं नाही. आणि आता ती जीप तू आपल्या हातानं चकचकीत करून केशवरावांच्या दारात नेऊन लावणार?

गावातलं कुणी लाखनीला आलं आणि त्यानं ती ओळखली तर दुसऱ्या दिवशी बाबांच्या कानावर जाईल. त्यांच्या बीपीच्या गोळ्या वाढवल्या आहेत हे तुला ठाऊक आहे.

परत पाठव.

ताई

*

लाखनी, ४ जानेवारी २००४

ताई, जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा बोनट, दोन्ही मडगार्ड, पुढची जाळी अन् काचेची फ्रेम उतरून भिंतीला टेकली होती. परत पाठवायची तर उघडीनागडी पाठवावी लागली असती. हा बहाणा नाही. थोडा आहे.

पण आता जे सांगून राहिलो ते ऐक.

या जीपला बोडीतून ओढून काढल्यावर कोणीच हात लावला नव्हता. जशी होती तशी कोठ्यात लोटली होती. ड्रायव्हरची सीट काढली तर खाली बोडीचा वाळलेला चिखल, त्यात शिंपल्याचे तुकडे. पायाखालचा पत्रा इतका सडलेला की हातात तुटून आला. त्या भोकातून मी बॅटरी मारली.

चेसिसची उजवी पट्टी तुटलेली आहे. स्टिअरिंगचा डबा जिथं बसतो त्याच्या जरा मागं. आणि तुटली ती जागा आधीच एकदा वेल्डिंग केलेली आहे. वरून लोखंडी पट्टी मारून जोडलं, त्याच्यावरून राखाडी रंग फासला. बोडीचा चिखल त्या रंगाच्या वर बसलेला आहे, ताई. खाली नाही. म्हणजे जोड जीप पडायच्या आधीचा.

स्टिअरिंगचा डबा त्याच पट्टीवर असतो. पट्टी उघडली तर डबा कलतो, अन् मग हातातलं चाक कितीही फिरवा, गाडी तिच्या मनानं जाते.

नीट पाहायचं तर बॉडी उतरवावी लागेल, म्हणजे बसायचा, मागचा, सगळा पत्र्याचा डबा चेसिसवरून उचलावा लागेल. बोल्ट गंजून एकजीव झाले, रोज डिझेल सोडून भिजवतो. वेल्डिंगवाल्या कवडूला मी सुट्टी दिली. तो आपल्या गावच्या बाजूचा, त्याच्या पोटात काही राहत नाही. साखळी ओढायच्या चेन-कुप्पीनं मी एकटाच उचलीन.

मला झोप लागत नाही. तृप्ती विचारते, मी म्हणतो काम जास्त आहे.

अश्वजित

*

भामरागड तालुका, १५ जानेवारी २००४

अश्वजित,

एकटा उचलू नकोस. हे पहिलं.

दुसरं. जोड आधीचा होता हे मी मानलं. पण तुटणं? एवढ्या उंचावरून पडल्यावरही तुटली असेल. मी गडचिरोलीला दवाखान्यात कामाला होते तेव्हा डॉक्टर आम्हाला एक्स-रे दाखवायचे. हाड जुनं मोडलेलं असलं की कडा बोथट दिसतात, ताजं मोडलेलं असलं की धारदार. लोखंडात असं काही कळतं का? कळत असेल तर नीट बघ. आणि कळत नसेल तर बाबांना एक शब्दही सांगू नकोस.

का ते सांगते. हे मी मायलाही सांगितलेलं नाही. मागच्या साली बाबांना नागपूरला भरती केलं होतं, मी सोबत होते. एक दिवस दुपारी ते छताकडे बघत म्हणाले, "रत्ना, मी झोपलोच असन वो." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर सांगता गाडीच्या खालून आवाज आला होता." तर म्हणाले, "आवाज आला असं मले वाटते. पन सगळे म्हनतात झोपला होता. इतके लोक खोटं कायले बोलतीन?"

अश्वजित, ते त्या लोकांच्या बाजूला जाऊन बसलेत. तिथंच त्यांनी कसंतरी घर केलंय. तू तिथून त्यांना उठवशील, आणि उद्या तुझं म्हणणं खोटं ठरलं तर ते कुठं जातील?

केशवरावांच्या दारातही जाऊ नकोस. तुझा राग मला माहीत आहे.

ताई

*

लाखनी, ३० जानेवारी २००४

ताई, जयभीम.

बोटाला जरा लागलं म्हणून मी सांगतो अन् तृप्ती लिहून राहिली. काळजीचं काही नाही.

बॉडी उतरली. तू म्हटलं तसं कडा पाहिल्या. जोडाच्या मधून चीर गेलेली आहे. तिचा अर्धा भाग काळा पडलेला, आणि त्याच्या आत राखाडी रंग शिरलेला. म्हणजे जोड मारला तेव्हा चीर पूर्ण भरलीच नव्हती. वरून रंग फासून झाकली. उरलेला अर्धा भाग नुसता गंजलेला, रंग नाही. तो पारीवर तुटला की खाली पडल्यावर, हे लोखंड सांगत नाही. मी खोटं सांगणार नाही, तुलाही नाही अन् बाबांनाही नाही.

केशवरावांकडे मी गेलो नाही.

अश्वजित

ताई, आता हे माझं आहे. ते झोपले आहेत तेवढ्यात लिहिते.

बोटाला जरा लागलेलं नाही. जुनी बॉडी उचलायच्या आधी दरवाजाच्या जागी आडवे अँगल वेल्ड करून घेतात, नाहीतर सडलेला पत्रा मधोमध दुमडतो. हे मला कवडूभाऊंनी नंतर सांगितलं. यांना ठाऊक होतंच. पण वेल्डिंगला कवडूभाऊंना बोलवावं लागलं असतं, आणि त्यांनी जोड पाहिला असता. म्हणून यांनी तशीच उचलली. बॉडी वर गेली, दुमडली आणि साखळीतून निसटली. उजवा हात चेसिस आणि पत्र्याच्या मध्ये. मी ओरडले तेव्हा टायरच्या दुकानातले बाबूलालभाऊ माणसं घेऊन धावत आले आणि त्यांनी बॉडी उचलून हात सोडवला. भंडाऱ्याला नेलं. दोन बोटांची हाडं मोडली आहेत आणि तळहाताला टाके आहेत. पान्यावर पकड परत येईल का, हे पट्टी सुटल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. तुम्हाला कळवू नको म्हणून यांनी मला शपथ घातली आहे. मी ती मोडली.

आणखी एक गोष्ट आहे. हात पाहायला माय आणि बाबा गावाहून आले आहेत. जीप घरामागे गॅरेजमध्येच उभी आहे, तिच्यावर ताडपत्री टाकली आहे. बाबांनी काही विचारलं नाही. कालपासून ते खुर्ची घेऊन त्या ताडपत्रीकडे तोंड करून बसतात. चहासुद्धा तिथंच मागतात.

काल अमरचा फोन आला होता. पुढच्या महिन्याअखेरीस तो काम पाहायला येणार आहे.

तृप्ती

*

भामरागड तालुका, १० फेब्रुवारी २००४

तृप्ती,

शपथ मोडलीस ते चांगलं केलंस. अक्षर बदललेलं पाहून मला वाटलं, हा कुणाशी तरी मारामारी करून आला. खालचं वाचलं आणि बसून राहिले. त्या हाताची न मोडलेली बोटं रोज हलवायला लाव, आणि मोडलेली डॉक्टर सांगतील तेव्हाच. पट्टीतून वास आला किंवा ताप आला तर एक दिवसही थांबू नका.

मला यायचं आहे पण पोलिओचा डोस आहे, पुढचे दोन आठवडे कुणालाच रजा नाही.

बाबांना सांगू नका असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. ताडपत्रीखाली काय आहे हे त्यांना कळलंय. फक्त ते त्यांनी एकट्यानं बघू नये. अश्वजितला सोबत उभा कर. जेवढं पक्कं आहे तेवढं त्यानं सांगावं, जे पक्कं नाही ते नाही म्हणून सांगावं.

आणि मी एक केलंय. तुम्ही दोघं माझ्यावर रागवा हवं तर. आनंदाकाकूंना मी पत्र टाकलं आहे. एवढंच लिहिलं, की ज्या जीपमध्ये इश्वरकाका गेले ती अश्वजितकडे लाखनीला आहे, तिच्यात अपघाताच्या आधीचा एक जोड निघाला आहे, आणि तुम्हाला बघायचा असेल तर उशीर करू नका. त्या येतील असं मला वाटत नाही. पण उद्या ती पट्टी कापून नवीन बसवली तर त्यांना दाखवायला काहीच उरणार नाही.

पत्र मिळताच उत्तर टाक. दोन ओळी चालतील.

ताई

*

लाखनी, २ मार्च २००४

चि. रत्नास जयभीम.

अश्वजितच्या हाताले अजून पट्टी हाये, अन तृप्ती पोरगी घरचं अन दवाखान्याचं करून थकली. म्हनून मीच लिहून राहिलो. अक्षर समजून घेजो. हाताची बोटं हलून राहिली. डॉक्टर म्हने, पकड येईन, पयल्यासारखी नाही, पन येईन.

तुहं पत्र तृप्तीनं मले वाचून दाखवलं. त्याच्या आधीच मी ताडपत्री उचलली होती.

मी त्या जीपले असं कधी पाहलं नव्हतं. बोनट नाही, मडगार्ड नाही, बॉडी नाही. नुसते दोन लोखंडी पट्टे अन चार चाकं. आठ वर्सं मी तिच्यावर बसलो, अन माह्या बुडाखाली काय होतं ते मले त्या दिवशी दिसलं. अश्वजित मांगून आला. त्यानं माहं बोट धरून त्या जोडावर ठेवलं. म्हने, "बाबा, हा आधीचा हाये, हे पक्कं. पन याच्यानंच गाडी गेली हे मी शपथेवर नाही सांगू शकत."

मी म्हनलं, "तू नोको सांगू. मले आवाज आठवते."

मंग शनिवारी अमर आला. एकटा नाही आला, केशवराव संग होते अन मांग रिकामा ट्रक होता. म्हाताऱ्याले कोनीतरी सांगतलं होतं का तुहा पोरगा जीप उघडून राहिला लाखनीले. त्यायनंच जिद्द धरली म्हने, का आजच्या आज परत आना.

केशवराव गाडीतून उतरले नाही. तिथूनच म्हनाले, "जसं असन तसं ट्रकात टाका."

अश्वजित जीपच्या पुढं जाऊन उभा राहिला. एक हात गळ्यात बांधलेला. म्हने, "बाकी सगळं घेऊन जा. चेसिस नाही जाऊ देत."

अमर म्हने, "मिस्त्री, गाडी आमची आहे. तुमचे पैसे देऊन टाकतो. पोलिसांना बोलवायला लावू नका."

"बोलवा. त्यायलेच दाखवाची हाये."

अमरले काही समजून नव्हतं राहिलं. ट्रकातले दोन हमाल खाली उतरले. बाबूलाल दुकानातून टायर काढाची लोखंडी टॉमी घेऊनच आला. तुही माय दारात येऊन उभी राहिली. मले वाटलं आता इथं डोकी फुटतीन. मी उठलो अन केशवरावच्या खिडकीजवळ गेलो.

ते म्हनाले, "परसराम?"

"हो, मीच. हा अश्वजित माहा पोरगा."

पंधरा वर्सांनी त्यायनं माहं नाव घेतलं. मी म्हनलं, "केशवराव, तो जोड कोनी मारला?"

तवर अमर खाली वाकून पट्टी पाहत होता. त्यानंही बोट लावून पाहलं. तो उठला अन बापाले म्हने, "बाबा, हे कधीचं?"

केशवराव म्हनाले, "दुरुस्तीच केली होती. चांगल्या मानसाकडून केली होती."

अमर म्हने, "मी विचारतो कधीचं?"

"त्याच्या आधी दोन-तीन महिने. चेसिस बदला म्हने तो. भरल्या हंगामात गाडी उभी ठेवता येते का? जोडून द्या म्हनलं. चालत होती न."

रत्ना, मले राग येईन असं वाटलं होतं. मी फक्त एवढंच म्हनलं, "मले काहून नाही सांगतलं? मी हळू चालवली असती."

त्यायनं काच वर केली.

अमर तिथंच उभा राहिला. त्यानं ट्रकवाल्याले हातानंच जा म्हनून सांगतलं. जाता जाता अश्वजितजवळ आला. म्हने, "हिला कापू नका, रंगवू नका. अशीच राहू द्या. मी परत येतो." आता तो कवा येते, काय म्हनते, ते मी नाही सांगू शकत. अश्वजित म्हने, पोलिसात जाऊ. मी म्हनलं, तो हक्क आनंदाबाईचा हाये. तिचा मानूस गेला.

आनंदाबाई काल आली.

एसटीतून एकटीच उतरली. तुहं पत्र तिच्या पिशवीत होतं. तुही माय सडा टाकत होती, ती उठून उभी राहिली. दोघी एकमेकीले पाहत राहिल्या. मंग मायनं बादली ठेवली अन तिले मांग घेऊन आली.

मी तिले दाखवलं. अश्वजितनं सांगतलं ते सांगतलं, केशवराव बोलले ते सांगतलं, लोखंड काय सांगत नाही तेही सांगतलं. ती वाकून पाहत होती.

"तुमी तवाच काहून नाही सांगतलं?" म्हने.

"सांगतलं. पोलिसाले सांगतलं, कोर्टात सांगतलं, का खालून आवाज आला. मंग मलेच वाटाले लागलं का मी झोपलो असन."

"माह्याकडं काहून नाही आले?"

"आलो होतो, आनंदाबाई. तुमी दार लावलं."

तिनं जोडावरून बोट फिरवलं. मंग म्हने, "हो. लावलं मी." अन मंग म्हने, "पंधरा वर्सं तुमच्यावर राग धरून मी दिवस काढले. पोरगी वाढवली. आता तो राग कोनाच्या दारात नेऊन ठेवू?"

तृप्तीनं एक टायर आडवा करून दिला, ती त्याच्यावर बसली. पानी दिलं तं घेतलं. मले वाटलं आता उठून जाईन. तं ती जमिनीकडं पाहत म्हने, "त्या दिवशी तो काही बोलला का?"

रत्ना, हे मले आजवर कोनीच विचारलं नव्हतं. पोलिसानं विचारलं किती स्पीड होती. वकिलानं विचारलं किती सवाऱ्या होत्या. इश्वर काय बोलला हे विचारनारी एकच बाई होती, अन तिचं माह्याशी बोलनं बंद होतं.

मी सांगतलं. म्हनलं, चिखल्यालेच तो माह्या बाजूच्या सीटवर बसला. म्हने, परसरामभाऊ, आज पोट खाली हाये. मी म्हनलं काहून? तं म्हने, भाजीत मीठ जास्त झालं म्हनून ताट सरकवून आलो अन तिच्यावर ओरडलो. मी म्हनलं, मंग आता? तं हासला. म्हने, आता काय, संध्याकाळी जाऊन तीच भाजी खाईन, वरून तांब्याभर पानी पिईन अन म्हनीन चांगली झाली. अन असाच हासता हासता तो थांबला अन म्हने, भाऊ, खालून काही वाजलं का? मी म्हनलं, हो, वाजलं. अन मंग चाक माह्या हातात फिरलं अन गाडी नाही फिरली.

आनंदाबाईनं तोंडाले पदर लावला. मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोये पुसले अन माह्याकडं सरळ पाहलं. म्हने, "पयल्यापासून सांगा."

मी पुन्हा चिखल्यापासून सांगाले लागलो.

तुहा बाबा,
परसराम